मसुदा वाचणार कोण?

नोकरी न सोडता घरबसल्या पदव्युत्तर पदवी मिळवा, अशा जाहिराती आता बारा महिने येतात. व्यवस्थापन, वित्त, डेटा, मानसशास्त्र, पत्रकारिता असं सगळं त्यांत असतं. कामाच्या ठिकाणी लिहावं कसं, हे पदव्युत्तर पातळीवर आणि तेही मराठीतून शिकवणारा अभ्यासक्रम मात्र त्या गर्दीत शोधूनही दिसत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठासारख्या नामांकित ठिकाणी ‘प्रोफेशनल रायटिंग’ या विषयात पूर्णपणे ऑनलाइन मास्टर्स करता येतं, आणि नोकरदार माणसं ते करतात. आपल्याकडे अहवाल, प्रस्ताव, नोटीस, माहितीपत्रक हे सगळं ‘अनुभवाने येतं’ असं धरून चालतात.

माझं म्हणणं असं, की हा अभ्यासक्रम मराठीत हवा, नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठी हवा आणि ऑनलाइनच हवा. पण त्याची सगळी पत एका गोष्टीवर ठरेल. विद्यार्थ्याने लिहिलेला मसुदा कुणी जाणतं माणूस ओळ न् ओळ वाचून, कडेला शेरे लिहून, परत पाठवणार आहे का? ते होणार नसेल तर विद्यापीठांनी या वाटेला जाऊच नये. लिहायला शिकवतो म्हणून पैसे घ्यायचे आणि लिहिलेलं वाचायचं नाही, ही दमलेल्या माणसाची फसवणूक आहे.

पोटापाण्यासाठी लिहिणारी माणसं म्हटली की आपल्याला पत्रकार, लेखक, जाहिरातवाले आठवतात. लिहिण्याचा खरा भार दुसरीकडेच आहे. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि प्रत्येक ग्रामसभेचं इतिवृत्त कुणाला तरी लिहावं लागतं. एक लाखाहून जास्त सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. त्यांचे ठराव, नोटिसा, थकबाकीची पत्रं सचिव रात्री जेवण उरकल्यावर लिहायला बसतो. पोलीस ठाण्यात फिर्याद आणि पंचनामा लिहिला जातो. माहितीचा अधिकार २००५ साली आला तेव्हापासून प्रत्येक कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याला उत्तरं लिहावी लागतात आणि अपील झालं की त्या उत्तराच्या शब्दाशब्दाचा कीस पडतो. रुग्णालयात डिस्चार्ज कार्ड आणि संमतीपत्रं असतात. जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ठरली. तिथे अर्ज, कैफियती, प्रतिज्ञापत्रं रोज दाखल होतात. यात एक वाक्य चुकलं तर कुणाची तरी जमीन अडकते, कुणाचा विमा नाकारला जातो, कुणी गोळी दुप्पट घेतं.

यातल्या बहुतेकांना हे लिहायला कुणी शिकवलेलं नसतं. आधीच्या माणसाची फाइल उघडायची, नाव आणि तारीख बदलायची, सहीला पाठवायची. त्या आधीच्या माणसानेही तेच केलेलं असतं. त्यामुळे कधीकाळी घाईत इंग्रजीवरून उतरवलेलं वाक्य दोन-तीन पिढ्या तसंच पुढे सरकत राहतं आणि शेवटी त्यालाच नियम म्हणतात.

राज्याने मराठीसाठी काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. १९६० मध्ये भाषा संचालनालय आलं, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, १९७३ मध्ये शासन व्यवहार कोश निघाला. हे काम मोठं होतं आणि त्यामागे विद्वानांचे कष्ट आहेत. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मराठी भाषा धोरण मंजूर केलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारी कार्यालयांत मराठीच वापरायची असा शासन निर्णय निघाला. शब्द मिळाले, दर्जा मिळाला, सक्तीही झाली. मजकूर कसा बांधायचा हे शिकवण्याची व्यवस्था मात्र कुणी उभी केली नाही. महाविद्यालयांत ‘व्यावहारिक मराठी’ नावाची एक प्रश्नपत्रिका असते. तिच्यात अर्जाचा नमुना पाठ करून उतरवला की गुण मिळतात. एम. ए. ला साहित्य, समीक्षा, भाषाविज्ञान यांचा अभ्यास होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण एम. ए. झालेला हुशार विद्यार्थी बँकेत लागला आणि त्याला खातेदारासाठी दोन परिच्छेदांचं पत्र लिहायला सांगितलं, तर तोही जुनी फाइलच उघडतो.

मी संध्याकाळच्या वर्गांना लेखन शिकवते, त्यातलं एक उदाहरण इथे नीट उलगडून सांगते. एका सहकारी पतसंस्थेत वसुलीचं काम पाहणारा एक तरुण होता. तालुक्याच्या गावी राहणारा, दिवसभर मोटरसायकलवरून फिरणारा, रात्री दहानंतर लिहायला बसणारा. त्याला मी सांगितलं, तुम्ही कामावर खरोखर लिहिता तेच पाठवा, फक्त नावं काढून टाका. त्याने थकबाकीची नोटीस पाठवली. ती अशी होती:

‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपण संस्थेकडून घेतलेल्या कर्जाची परतफेड करारातील अटी व शर्तींनुसार विहित मुदतीत केलेली नसल्याने व वारंवार तोंडी सूचना देऊनही आपण त्याकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष केल्याने सदर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत संपूर्ण थकबाकी व्याजासह भरणा करावी, अन्यथा आपणांविरुद्ध व आपल्या जामीनदारांविरुद्ध महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम १०१ अन्वये कारवाई करण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.’

मी कडेला शेरे लिहिले. थकबाकी किती? आकडा कुठे आहे? ‘हेतुपुरस्सर’ हे तुम्हाला कसं कळलं, आणि उद्या उपनिबंधकांसमोर सुनावणीत विचारलं तर काय दाखवाल? पंधरा दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे? एवढे पैसे एकदम नसतील तर त्या माणसाने काय करायचं? त्याचं उत्तर आलं, ‘मॅडम, नोटीस अशीच असते.’

दुसरा मसुदा आला तो नरम शब्दांचा होता. ‘कृपया’ दोनदा आलं होतं, ‘हेतुपुरस्सर’ गेलं होतं. आकडा अजूनही नव्हता. मी सौजन्य मागते आहे असा त्याचा समज झाला होता. नवशिक्याच्या बाबतीत हे नेहमी घडतं. शेऱ्याचा अर्थ त्याला पहिल्या वाचनात लागत नाही, दुसऱ्या मसुद्यात तो चाचपडतो, आणि तिसऱ्यात कुठे हात बसायला लागतो. म्हणून एकदा गुण देऊन मोकळं होण्याने लेखन शिकवून होत नाही.

तिसऱ्या मसुद्यापूर्वी तो आपल्या शाखाधिकाऱ्यांकडे गेला. पैसे नसतील तर काय करायचं, या शेऱ्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं म्हणून. तेव्हा कळलं, की हप्ते नव्याने बांधून द्यायची तरतूद संस्थेत होती. नोटिशीत ती कधी छापलीच नव्हती. मग मसुदा आला (रकमा आणि तारखा बदलून देते): ‘तुमच्या कर्जखात्यावर ३१ मार्चअखेर ४८,६०० रुपये थकले आहेत. ही रक्कम ३० एप्रिलपर्यंत शाखेत भरा. एकरकमी भरणं शक्य नसेल तर त्याच तारखेच्या आत शाखाधिकाऱ्यांना भेटून हप्ते बांधून घेण्यासाठी अर्ज करा. पैसेही आले नाहीत आणि अर्जही आला नाही, तर संस्था कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज करील. ती कारवाई तुमच्या जामीनदारांवरही होऊ शकते.’

धमकी यातही आहे, आणि ती पहिल्या नोटिशीपेक्षा जास्त खरी वाटते, कारण आता ती कशाबद्दल आहे हे कळतं. पण या प्रवासातलं मोलाचं मला वेगळंच वाटतं. नीट लिहायला बसल्यामुळे त्या माणसाला आपल्या संस्थेने काय ठरवलं आहे आणि काय ठरवलेलं नाही, हे शोधावं लागलं. लांबलचक वाक्य लिहिणारा अनेकदा आळशी नसतो. कार्यालयात कुणीच निर्णय घेतलेला नसतो आणि ती गोष्ट वाक्यात लपून जाते. म्हणूनच हा विषय शुद्धलेखनाच्या कार्यशाळेत आटोपणारा नाही. त्यात कायदा येतो, प्रशासन येतं, वाचकाची मनःस्थिती येते. पदव्युत्तर पातळीचा अभ्यास म्हणतात तो हाच.

जगाने हे ओळखलं आहे. अमेरिकेत २०१० साली सरकारी लेखन सोपं असावं म्हणून कायदा झाला. २०२३ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने सुबोध भाषेचं मानक काढलं, त्याचा क्रमांक २४४९५-१. ज्याच्यासाठी कागद लिहिला त्याला हवं ते सापडलं पाहिजे, सापडलेलं कळलं पाहिजे आणि कळलेलं वापरता आलं पाहिजे, ही त्याची कसोटी आहे. ती लावून आपल्या विमा पॉलिसीचं मराठी माहितीपत्रक किंवा बांधकाम परवानगीचं पत्र तपासून पाहावं.

आता ऑनलाइन का, हे सांगते. नृत्य, शस्त्रक्रिया, सुतारकाम हे पडद्यावरून शिकवताना काहीतरी हातून निसटतंच. लेखनात तसं होत नाही, कारण शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात देवाणघेवाण व्हायची ती मजकुराचीच. वर्गात मी तोंडी सांगितलेला शेरा हवेत विरतो. मसुद्याच्या कडेला लिहिलेला शेरा राहतो, विद्यार्थी तो दुसऱ्या दिवशी डबा खाताना पुन्हा वाचतो. आधीच्या आवृत्त्या राहतात, कुठला शब्द कधी काढला ते दिसतं. चारचौघांत आपलं लिहिलेलं वाचून दाखवायला लाजणारी माणसं, विशेषतः पस्तिशी-चाळिशीतल्या बायका, लिहून मनमोकळं विचारतात. आणि अंतराचा प्रश्न तर आहेच. गडचिरोलीच्या आरोग्यसेविकेला, बेळगावच्या वकिलाला, गोव्यात मराठीतून पत्रव्यवहार सांभाळणाऱ्याला, बडोदा-इंदूरच्या मराठी संस्थेच्या कार्यवाहाला एका तुकडीत बसवायचं तर दुसरा मार्ग नाही. बदलापूरहून रोज मुंबईला जाणाऱ्याला संध्याकाळी सहाच्या वर्गाला हजर राहा म्हणणं म्हणजे त्याला येऊ नको म्हणणंच आहे.

दूरस्थ शिक्षण आपल्याला नवंही नाही. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं. नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. शाळा सुटलेल्या, लग्न लवकर झालेल्या, शेतीत अडकलेल्या असंख्य माणसांना या विद्यापीठाने पदवीपर्यंत आणलं. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पत्राने शिकवण्याच्या काळात तर सगळा भर लिहून पाठवण्यावर आणि तपासून परत येण्यावर होता. ऑनलाइनच्या नादात नेमकं तेच मागे पडलं.

आज ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणजे काय असतं? ध्वनिचित्रफिती, पीडीएफ, चर्चेचा एक कोपरा आणि पर्यायी उत्तरांची चाचणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीतले हेच ते चार भाग. इतिहास किंवा अर्थशास्त्र यातून बऱ्यापैकी शिकता येत असेल. लेखन येत नाही. ‘खालीलपैकी कोणते वाक्य स्पष्ट आहे?’ याला बिनचूक खूण करणारा माणूस स्वतः स्पष्ट वाक्य लिहील याची काही खात्री नाही. पोहण्याच्या चित्रफिती पाहून कुणी तलावात तरलेलं नाही.

त्यात नियमच आडवा येतो. आयोगाच्या २०२० च्या नियमावलीप्रमाणे मुक्त आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांत सत्राच्या दरम्यानच्या मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला कमीत कमी ७० टक्के भार द्यावा लागतो. बनावट पदव्यांना आळा घालायचा म्हणून अशी अट घातली असेल तर तो हेतू समजण्यासारखा आहे. पण लेखनाच्या बाबतीत याने सगळं उलटं होतं. महिनोन्‌महिने मसुदे घासूनपुसून जे घडतं त्याला ३० आणि तीन तासांत, संदर्भ न पाहता, वाचक कोण हे माहीत नसताना जे खरडलं जातं त्याला ७०. अनेक ठिकाणी मग असं होतं: विद्यार्थी सोडवलेल्या असाइनमेंटची पीडीएफ विकत घेतो, हाताने उतरवतो, शिक्षक पानं मोजून गुण देतो आणि दोघंही परीक्षेची वाट पाहतात. या पाट्या टाकण्यात कुणाचं वाक्य सुधारत नाही. लेखन, अनुवाद, संपादन अशा कौशल्याच्या विषयांसाठी आयोगाने हा भार बदलायची मुभा द्यावी, ही माझी पहिली मागणी आहे. मुभा मिळेपर्यंत सत्रान्त परीक्षाच वेगळी घेता येईल. विद्यार्थ्याने स्वतःच्या मसुद्यांची फाइल पुढे ठेवून त्यातल्या निर्णयांचं समर्थन लिहायचं, असा पेपर काढायला विद्यापीठाला कुणी अडवलेलं नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच मानायची. कायद्याने बरोबरी मिळाली. पण मुलाखतीत समोर बसलेल्या माणसाच्या मनातली शंका परिपत्रकाने जात नाही. उमेदवाराने पुढे ठेवलेल्या चार चांगल्या कागदांनी जाते.

वेळेचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण जाहिराती तो लपवतात. एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास. दोन वर्षांची ८० क्रेडिटची पदवी म्हणजे २,४०० तास, म्हणजे आठवड्याला २३. नोकरी, प्रवास, मुलांचा अभ्यास, आईवडिलांचं दुखणंखुपणं हे सांभाळून आठवड्याला २३ तास काढणारी माणसं असतील, पण तो अपवाद. बाकीचे एकतर मध्येच सोडतात किंवा नुसती हजेरी लावतात. मोठ्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अनुभव बोलका आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी एडएक्स या ऑनलाइन मंचावर २०१२-१३ मध्ये जे पहिले १७ अभ्यासक्रम चालवले, त्यांत ८ लाख ४१ हजारांवर नोंदण्या झाल्या आणि प्रमाणपत्र मिळवणारे ४३ हजार निघाले. त्यातले पुष्कळ जण नुसते डोकावायला आलेले होते हे खरं. तरीही ज्याला कुणी ओळखत नाही, ज्याचा मसुदा आला नाही म्हणून कुणी फोन करत नाही, तो विद्यार्थी सहज गळतो. म्हणून सुरुवात ४० क्रेडिटच्या पदव्युत्तर पदविकेने करावी आणि ती दोन वर्षांत पसरवावी. १,२०० तास म्हणजे आठवड्याला साडेअकरा. रोज रात्री एक तास आणि सुटीच्या दिवशी निवांत बैठक. हे जमण्यासारखं आहे. २०२१ पासून क्रेडिट साठवण्याची राष्ट्रीय बँक आहे. पुढे ज्याला पूर्ण पदवी हवी तो तिथून पुढे जाईल.

एवढे मसुदे वाचायचे म्हणजे खर्च परवडणार नाही, असं लगेच म्हटलं जाईल. आकडे मांडून पाहू. धरा, एका विद्यार्थ्याने वर्षात १२ लेखनकामं केली, प्रत्येकाचं दोनदा वाचन झालं आणि एका वाचनाला अर्धा तास लागला. वर्षाला १२ तास. एका शिक्षकाकडे २० विद्यार्थी असले तर २४० तास. तासाला ६०० रुपये दिले तर एक लाख ४४ हजार, म्हणजे विद्यार्थ्यामागे वर्षाला ७,२०० रुपये. नोकरदाराला ही रक्कम जड नाही आणि मालकाने निम्मी उचलली तर प्रश्नच नाही. हे परवडत नाही असं नव्हे. अडचण अशी, की ध्वनिचित्रफीत एकदा बनवली की पाच हजारांना दाखवता येते आणि वाचनाचं तसं करता येत नाही. एकविसावा विद्यार्थी घेतला की वाचणाऱ्याचा वेळ वाढतो. विद्यापीठाच्या तिजोरीला हे गणित आवडत नाही, म्हणून ते टाळलं जातं. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकांना पैसे मिळतात ते शिकवलेल्या तासाचे. घरी नेऊन वाचलेल्या गठ्ठ्याचे कुणी देत नाही. वाचनाच्या तासाला कामाचा तास मानल्याशिवाय हा अभ्यासक्रम उभा राहणार नाही.

यंत्राचा मुद्दा टाळून चालणार नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि आता पतसंस्थेतला तो तरुणही फोनवर नोटीस लिहून घेऊ शकतो. अमेरिकेतली तंत्रलेखकांची जुनी संघटना, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, जिची मुळं १९५३ पर्यंत जातात, ती जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर करून बंद झाली. मग या विषयाची पदविका काढायची कशाला?

कारण यंत्राला त्या नोटिशीतली हप्त्यांची तरतूद माहीत नसते. शाखाधिकाऱ्यांना विचारायला ते जात नाही. त्याला सांगा, ते पहिल्या मसुद्यासारखीच नोटीस झरझर लिहून देईल, कारण त्याने तशाच नोटिसा पाहिलेल्या आहेत. वरून भाषा गुळगुळीत असल्याने सही करणाऱ्याला चूक दिसणारही नाही. मराठीत तर हा धोका जास्त. सुबोध, अचूक कार्यालयीन मराठीचे नमुने मुळातच तुटपुंजे, त्यामुळे जे बाहेर पडतं ते पुष्कळदा इंग्रजीवरून उतरवल्यासारखं वाटतं. ज्याला चांगला मसुदा ओळखता येतो त्याच्या हाती यंत्र उपयोगी आहे. ज्याला येत नाही, त्याला ते तोंडघशी पाडेल आणि परिणाम कर्जदार भोगेल. म्हणून पहिल्या सत्रात यंत्र बाजूला ठेवावं, पुढे उघडपणे वापरू द्यावं, आणि प्रत्येक सत्राअखेर विद्यार्थ्याने आपला मसुदा घेऊन वीस मिनिटं तोंडी परीक्षेला बसावं. हे वाक्य इथे का? हा आकडा कुठून? वाचकाला हे कळलं नाही तर तो कुणाला विचारील? विकत घेतलेला किंवा यंत्राने लिहिलेला मजकूर या प्रश्नांपुढे पाच मिनिटं टिकत नाही.

मराठीच्या काही प्राध्यापकांना भीती वाटते, की असे अभ्यासक्रम आले तर साहित्याचे विभाग ओस पडतील. मला उलट वाटतं. ज्याने चांगलं गद्य भरपूर वाचलं आहे त्याचाच हात नोटिशीतही लवकर बसतो, हे मी वर्गात सतत पाहते. साहित्याच्या शिक्षकाइतकं वाक्याचं वजन दुसरं कुणी ओळखत नाही; त्याने ही नजर संमतीपत्राकडे वळवली तर विभागाला नवे विद्यार्थी मिळतील. ‘लीळाचरित्र’ जिथे लिहिलं गेलं त्या रिद्धपूरला २०२३ च्या कायद्याने मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. प्राचीन गद्याच्या त्या भूमीत आजच्या व्यवहाराच्या गद्याचं शिक्षण सुरू झालं तर ते त्या जागेला शोभेलच. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाकडे घरोघर पोचण्याची यंत्रणा आहे. दोघांनी मिळून हे करावं.

कामावरचे खरे कागद वर्गात आणायचे तर गोपनीयतेचं काय, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. रुग्णाचं नाव, खातेक्रमांक, फिर्यादीचा पत्ता वर्गात येता कामा नये. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे. तेव्हा पहिल्याच आठवड्यात कागदातून ओळख पुसायला शिकवावं, आणि संस्थाप्रमुखाची लेखी परवानगी प्रवेशअर्जासोबत घ्यावी. या परवानगीचा आणखी एक उपयोग आहे. साहेबांना माहीत असलं की सुधारलेला मसुदा टेबलावर पोचतो. नाहीतर विद्यार्थी वर्गात चांगलं लिहितो आणि कार्यालयात जुनीच फाइल चालू ठेवतो.

राज्य सरकारने यात करायचं ते एवढंच. विभागीय परीक्षांमध्ये आणि पदोन्नतीत या पदविकेला काही गुण द्यावेत, आणि जिल्हा परिषद, पोलीस, आरोग्य या तीन खात्यांतल्या कर्मचाऱ्यांची फी भरावी. भाषेच्या सक्तीचे शासन निर्णय निघतात तेव्हा त्यांत कारवाईचं कलम असतं. प्रशिक्षणाचं कलम आणि त्यासाठीची तरतूदही असायला हवी.

पहिल्या तुकडीला ६० जण पुरेत. त्यांच्यासाठी तीन वाचक-शिक्षक लागतील, आणि ते सगळे प्राध्यापकच असावेत असं नाही. वर्तमानपत्रांच्या डेस्कवर आयुष्य काढलेले निवृत्त उपसंपादक, जिल्हा न्यायालयात अनुवाद केलेली माणसं, रुग्णालयांची संमतीपत्रं तपासणाऱ्या समित्यांवर बसलेल्या डॉक्टर, मंत्रालयात मसुदे करून हात बसलेले अवर सचिव, अशी माणसं महाराष्ट्रात आहेत आणि विचारलं तर येतील. त्यांना शेरे कसे लिहावेत याचं महिनाभर प्रशिक्षण द्यावं, कारण लिहिता येणं आणि दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. माहितीपुस्तिकेत कुलगुरूंचा संदेश छापायच्या जागी एक खरा मसुदा, त्यावरचे शेरे आणि त्याची तिसरी आवृत्ती छापावी. खाली लिहावं: तुमचा मसुदा कोण वाचेल, त्याचं नाव आणि अनुभव, शेरे किती दिवसांत परत येतील, आणि ठरल्या दिवशी आले नाहीत तर फी कशी परत मिळेल.